धाकल्याची बैठक

१३ डिसेंबर २०२५, शनिवार

औंढ्याला आले एकदाची! टेम्पोत एक पातेलं चेपलं आणि तुळशीची कुंडी आडवी झाली, एवढंच नुकसान. दोन खोल्या, मागे मोरी आणि मुख्य म्हणजे सपाट गच्ची. लोणावळ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा जो तो सांगत होता, शैला, गावातच फ्लॅट घे. पण मला अंधार हवा होता. सेहेचाळीस वर्षांची बाई अंधार शोधत फिरते म्हटल्यावर माझी बहीण श्रद्धा पोट धरून हसली. हसू दे. गच्चीवरून पूर्वेला भात काढून झालेली रिकामी खाचरं दिसतात, त्यांच्यापलीकडे बांध, बांधावर एक उंबर. उत्तरेला महामार्गाचा उजेड आहे, पण ध्रुव दिसतो. आपल्याकडे तो क्षितिजाच्या वर जेमतेम वीतभर, मधे एक इमारत आली की संपलं. इथे इमारत नाही.

घरमालकीण भामाबाई शेजारीच राहतात. सत्तरीच्या असतील. चहा दिला, सगळी चौकशी केली, लग्न का केलं नाही तेही विचारून घेतलं. निघताना म्हणाल्या की बाई, कुटंबी फिरा, फकस्त बांधावर धाकल्याला बसवलाय, तितला दगड हलवू नगा. मी मान डोलावली. उंबराखालचा शेंदूर फासलेला दगड येतानाच पाहिला होता. थोरला म्हसोबा देवळात असेल, हा धाकला, असं मनाशी धरलं. वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून लागलेली खोड आहे ही. माहीत नसलं तरी बाईंनी विचारायचं नसतं.

१४ डिसेंबर, रविवार

आज माउंटचं खोकं उघडलं. माउंट म्हणजे कॅमेरा बसवायची, मोटरवर फिरणारी बैठक. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकताना दिसतात. ही बैठक त्यांच्याच चालीने सरकते. त्यामुळे कॅमेरा दोन मिनिटं उघडा ठेवला तरी तारा ठिपक्यासारखा येतो, आणि जमिनीवरचं सगळं मात्र ओढल्यासारखं पुसट होतं. मी घेतलेला बाजारातला सगळ्यात स्वस्त. तळेगावच्या आमच्या तारे बघणाऱ्या मंडळींचे म्होरके गंगाधर सर, त्यांनी बजावलंय की आठ दिवस वापरून खरा अहवाल दे. पटला तर मावळातल्या पाच शाळांना घेऊन द्यायचा विचार आहे. ‘खरा’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मला ओळखून आहेत!

ध्रुवावर नेम धरायला अर्धा तास गेला. मोटर चालते, पण जात्यासारखी घरघरते. खरी रडकथा पायांची. तीन पायांचं तिकाटणं इतकं हलकं की वाऱ्याच्या झुळकीने थरथरतं, आणि मृगाचे तारे शेंगदाण्यांसारखे लांबट आले. उपाय सोपा आहे, मधोमध वजन टांगायचं. पाण्याचा कॅन टांगला तर तोच झुलायला लागला.

तिन्हीसांजेला बांधावर गेले होते तेव्हा उंबरापासून वीसेक पावलांवर गवतात जात्याचा दगड दिसला होता. वरचा, मधोमध भोक असलेला. दोरी ओवायला याहून सोयीचं काय असणार? पुन्हा बांधावर गेले, उंबराखालच्या देवाला नमस्कार केला, त्याला बोटही लावलं नाही, आणि जात्याचा दगड उचलून आणला. घरी पालथा केला तर खालच्या अंगाला शेंदराचे जुने ओघळ. हात लाल झाले. जरा थबकले. मग साबण लावून काथ्याने घासला तो स्वच्छ निघेपर्यंत. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण कुणाचा तरी टाकून दिलेला दगड तो, दुसरं काय!

१५ डिसेंबर, सोमवार

जमलं! दगड टांगला आणि माउंट खांबासारखा उभा राहिला. साडेसातला मृग बांधावरून वर येत होता. उंबरासकट चौकटीत धरला, दोन मिनिटांचा फोटो, आणि तारे टाचणीच्या टोकाएवढे गोल. मृगातला तेजोमेघ गुलाबी. मी गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या. फोटो लगेच गंगाधर सरांना पाठवला. वजन कशाचं लावलं ते मात्र लिहिलं नाही, ‘स्थानिक साहित्य’ असं मोघम लिहिलं.

उंबर ठरल्याप्रमाणे पुसट आलाय. बांधही. बांधावर एक खुंट की काय आहे, तो ठळक आलाय.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज मी जे केलं ते लिहायला पेन उचलत नव्हता.

सकाळी भामाबाईंचा आक्रोश ऐकून बाहेर आले. पाच-सहा माणसं जमली होती. बांधावरचा जात्याचा दगड नाही, कुणी नेला, म्हणून त्या कपाळ बडवून घेत होत्या. त्यांचा पुतण्या बाजीराव एकेकाला विचारत होता. मला विचारलं तेव्हा दगड माझ्या गच्चीवर गोणपाटाखाली होता. सांगायचं होतं. ‘माझ्याकडून चुकून आला’, तीन शब्द. पण सगळे माझ्याकडे बघत होते, नव्या बाई म्हणून, साळंतल्या बाई म्हणून. आणि मी म्हणाले की रविवारी संध्याकाळी गेणूभाऊ पाटी घेऊन तिकडे जाताना दिसले होते.

हे खोटं नाही. गेणू, भामाबाईंची म्हसरं सांभाळतो तो, खरंच शेणाची पाटी घेऊन गेला होता. शब्द न् शब्द खरा आणि मी अशी खोटी. मुलांच्या वह्यांवर वीस वर्षं ‘चूक मान्य करावी’ असं लाल शाईने लिहीत आले, आणि वेळ आली तेव्हा ही अवदसा. गेणूने कधीकाळी दारूपायी नांगराचा फाळ विकला होता म्हणे. त्यामुळे पुढे कुणी मला काही विचारलंच नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

गेणूला गोठ्यातून काढलं. तीस वर्षं होता.

गंगाधर सरांचा निरोप आलाय. तारे झकास, अभिनंदन, पण बांधावर बसलेलं मूल कुणाचं, थंडीत उघडंच दिसतंय.

फोटो मोठा करून पाहिला. खुंट नाही तो. गुडघे पोटाशी घेऊन, आपल्याकडे पाठ करून बसलेलं चार वर्षांचं पोर. मानेवरची लव दिसते इतकं स्पष्ट. जमिनीवरचं जे स्थिर आहे ते या फोटोत पुसटच यायला हवं. उंबर पुसट, दगडधोंडे पुसट. ते ठळक आलं, म्हणजे ती दोन मिनिटं ते ताऱ्यांच्या चालीने सरकत होतं. हे मी दहावीला शिकवते.

संध्याकाळी धीर करून भामाबाईंना विचारलं की धाकला म्हणजे कोण. धाकला म्हणजे त्यांचा दुसरा मुलगा. चार वर्षांचा होऊन तापाने गेला, बांधाला पुरला. पण राहीना. रोज दिवेलागणीला घराकडं यायचा, म्हणाल्या, जो बसंल त्याच्या मांडीवर बसायला बघायचा, लय लळा मांडीचा. भामाबाई दळायला बसल्या की तो जात्यापाशीच असायचा, म्हणून सासूने त्याच जात्याचा दगड शेंदूर लावून त्याच्यावर ठेवला. तवाधरनं बसला बगा, म्हणाल्या. आता उटला असंल माजा बाळ, हिंडत असंल.

बसवलाय म्हणजे हे. देव बसवतात, माउंट बसवतात, हेही बसवतात. एका शब्दाचा अर्थ विचारला असता तर.

तेव्हाही सांगितलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता.

१८ डिसेंबर, गुरुवार

सोमवारनंतर कॅमेरा लावला नव्हता. लावणार नव्हते. पण फोटो भास होता असं सिद्ध झालं असतं तर बरं, म्हणून लावला. पोर उभं आहे. खाचरात, अलीकडे. अजून पाठच आहे, पण पाठीनेच जवळ आलंय.

शाळेतून येताना वाटेत गेणूभाऊ भेटले. शिव्या देतील असं वाटलं होतं. हात जोडून म्हणाले की बाई, तुमी शिकलेल्या हायसा, तुमचं लोकं ऐकत्यात, मी पाटी घिऊन गेलतो व्हय, पर दगड न्हाई नेला, तेवडं येकदा म्हना. पोरीकडं घोरावाडीला चाललोय, जावयापुढं चोर म्हनून कसा जाऊ? मी म्हणाले, बघते. ‘बघते’ म्हणाले मी. बसमध्ये चढताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. वडिलांच्या वयाच्या माणसाने, मला! जमीन दुभंगावी असं वाटलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दगड परत ठेवला. अंधार पडल्यावर, कुणी नसताना, होता तिथे, होता तसा. शेंदूर कार्ल्याहून आणला होता, तोही लावला. हात जोडून माफी मागितली — धाकल्याची. भामाबाईंची नाही, गेणूभाऊंची नाही. दगडापुढे बोलायला काय जातं?

परत येताना मागे बघितलं नाही. मागून पावलं वाजत नव्हती. एवढंच बरं.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी भामाबाई हसत आल्या. दगड आला म्हणाल्या. गेन्या भ्याला, रातीतनं यिऊन ठिवून गेला, म्हंजी त्योच चोर. बाजीरावने घोरावाडीला फोन करून जावयाला तसं सांगितलंही. देवच पावला म्हणून माझ्या हातावर गूळ ठेवला.

मी तो खाल्ला.

अमावास्या. दिवेलागणीला एकच फोटो घेतला. खाचर रिकामं. बांध रिकामा. सुटले असं वाटलं — मग चौकटीच्या तळाशी पाहिलं. गच्चीचा कठडा पुसट, आणि कठड्यावर पाच ठळक बोटं. बाहेरून धरलेली.

दगड बसवून तो बसत नाही. खरं सांगितल्याशिवाय नाही बसायचा. हे मला कळतंय. उद्या सांगते. उद्या रविवार आहे, सगळे घरी असतील, सगळ्यांसमोर सांगते.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळ

भामाबाईंच्या दारापर्यंत गेले. आत पाहुणे. परत आले.

दुपार

परत गेले. मीठ मागून आणलं. मीठ होतं घरात.

संध्याकाळ

माउंटची बॅटरी काढून ठेवलीय. समोर टेबलावर आहे ती. वर गच्चीवर घरघर चालू आहे — मोटर नाही ही. जातं आहे. कुणीतरी दळतंय —

थांबली. जिन्यावर —

आता जाते. मिठाचं निमित्त नको, पाहुणे असोत नसोत. एवढं लिहून उठते. उठायला —

उठता येत नाही. मांडीवर जड. जात्याच्या दगडाएवढं, गार. खाली बघत नाही. केसांना मातीचा वास येतोय. बसला. बसला हा, त्याला बसायला मिळालं —

बाहेर भामाबाईंच्या बांगड्या वाजल्या. दारावरूनच चालल्यात. हाक मारायची. एक हाक. तोंड उघडलं तर ओठांवर हात — इवला, मातीचा —

जाऊ नका भामाबाई, थांबा — लिहिते, लिहून तरी — बाजीरावला वाचायला द्या — गेणूभाऊंनी नाही, तो दगड गेणूभाऊंनी नेला नाही, तो म