वेशीची किल्ली

७ एप्रिल, मंगळवार
संग्रहालयाचं पत्रक आलं. उन्हाळाभर गावकऱ्यांसाठी इतिहासाचे कार्यक्रम. पत्रकात एकूण अकरा चुका, पेन्सिलने दुरुस्त करून परत पाठवल्या. पण पान दोन महत्त्वाचं. १७ मेला प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणून पाच मिनिटं बोलायचं. लोकांना जी सगळ्यात आवडेल ती कायमची काचेच्या कपाटात, आणि ३१ मेला मोठ्या दालनात तिच्यावर तासभर भाषण.
सव्वीस वर्षं थांबलो. आता वेळ आली.

८ एप्रिल
माळ्यावरून गोणपाट काढलं. किल्ली जशीच्या तशी. लांबी चोवीस इंच तीन सूत. एका टोकाला आडवी मूठ, दुसऱ्या टोकाला चौकोनी खोबण. मुठीवर तांब्याची तार गुंडाळलेली, पहारेकऱ्याचा हात घसरू नये म्हणून. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी सासरेबुवांनी स्वतः माझ्या हातात दिली. म्हणाले, जावईबापू, ही गावाच्या जुन्या वेशीची किल्ली. जपा. आणि कुणाला दाखवू नका.
दोन मुलगे असताना जावयाला दिली. माणसाची पारख लागते.

११ एप्रिल
ही म्हणते, ते लोखंड कशाला नेताय, माझं शिवणाचं जुनं मशीन न्या. मत्सर. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दिसला.
संकल्प: हिच्याशी वाद घालायचा नाही. डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट शिवून सोमवारी नक्की द्यायचा.

१६ एप्रिल
शर्टाच्या गळ्यावरून मी माणसाची छाती सांगतो. मग किल्लीवरून वेस का सांगता येऊ नये? चार दिवस गणित केलं. दरवाजा चौदा फूट नऊ इंच उंच, दोन्ही झडपा सागवानी. जागाही ठरली: चपलांचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधोमध. दातवाल्याच्या पायरीवर खडूने खूण केली. त्याने पुसली. पुन्हा केली.
कोट राहिला.

२४ एप्रिल
संग्रहालयाच्या बाईंना भेटलो. वयाने लहान, पण पदवी मोठी. मी कुठल्याही कॉलेजात गेलो नाही, जे शिकलो ते कात्री हातात धरून, हे त्यांना सुरुवातीलाच सांगितलं. वेशीची कुठे नोंद आहे का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, किल्ली आहे तिथे दरवाजा असणारच. बाईंनी वही मिटली. पटलं.

२ मे
यादी लागली. माझा नंबर चौदावा, म्हणजे शेवटचा. मुख्य गवई शेवटीच बसतो.
सासरेबुवांना फोन करून आमंत्रण दिलं. आधी दोनदा खोकले. मग म्हणाले, माझं नाव मात्र घेऊ नका. एवढा विनय हल्ली कुठे राहिलाय! पुढे म्हणाले, आणि पहिल्या रांगेत कोण कोण बसणार आहे? म्हटलं, तुम्हीच.

९ मे
कोट दिला. बाह्या बोटांच्या खाली गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मास्तर, यात ऑपरेशन करू की हात लपवून पळून जाऊ? वही पाहिली. बाहीच्या रकान्यात चोवीस इंच तीन सूत. किल्लीचं माप. इतिहासासाठी प्रत्येकाला थोडं सोसावं लागतं, असं म्हणालो. त्यांना इतिहासात रस नाही.

१५ मे
भाषण बावन्न मिनिटांचं झालंय. पाच मिनिटांत संपवा म्हणतील, पण रंगलेल्या सभेत घड्याळाकडे कोण बघतं?
रात्री जेवताना ही म्हणाली, अहो, एक सांगायचं होतं. म्हटलं, भाषण झाल्यावर सांग.

१७ मे, रविवार. दुपारी ४
काय लिहू?
गोणपाट उलगडलं. 'पहारेकरी' या शब्दापर्यंत पोचलो होतो. तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला. पाणीखात्यातला निवृत्त माणूस, पूर्वी आमच्या भागाला हाच पाणी सोडायचा. म्हणाला, अहो मास्तर, ही तर माझी! कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हची किल्ली. तार मी गुंडाळली, हाताला फोड येतात म्हणून. हिच्यापायी मेमो खाल्लाय मी. तुम्हाला कुठे मिळाली?
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासऱ्यांकडे. सासरे पंख्याकडे.
मग ही उठली. माझी, सख्खी बायको. भर सभेत सांगितलं की लग्नाच्या आदल्या दिवशी नळ कोरडा, दोनशे पाहुणे दारात. बाबांनी किल्ली गुपचूप उचलली आणि व्हॉल्व्ह उघडला. बंद काही करता येईना. दोन दिवस अख्ख्या गल्लीला पाणी.
सभागृहात हशा फुटला. एक बाई ओरडल्या, अगं, त्या दिवशी आम्ही सतरंज्या धुतल्या! कुणी म्हणालं, आमची टाकी वाहिली, जिना धुऊन निघाला. म्हातारा पाणीवालासुद्धा डोळे पुसून हसत होता. म्हणाला, सापडला एकदाचा चोर!
सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, रागावू नका जावईबापू. मुलगे शंभर प्रश्न विचारतात. तुम्ही फक्त मापं घेता. म्हणून तुमच्याकडे ठेवली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हिला विचारलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं? म्हणाली, हो. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही ती दर दिवाळीच्या सफाईला काढायचात, पुसायचात, मोजायचात. इतके खूश दिसायचात. सांगायला जीव झाला नाही हो.
सव्वीस वर्षं. दयेने.
संकल्प: बोलणं बंद. फक्त जेवायला बसायचं.

१९ मे
किल्ली पहिली आली! एकशे नऊ मतं. शेवटी लोखंडालाच न्याय मिळतो. बाईंचा फोन आला. उचलला, घसा साफ केला. त्या म्हणाल्या, वहिनींना द्याल का?
३१ तारखेचं भाषण: ही, सासरे आणि पाणीवाला. विषय, 'आमच्या गल्लीचं पाणी'.
जाणार नाही. ठरलं.

२७ मे
आमच्याच स्वयंपाकघरात तिघांची तालीम. चोर आणि पोलीस एका ताटात पोहे खातात. मला कुणी विचारत नाही. चहा मात्र दिला. घेतला.
वेशीची जागा पाहून आलो. दातवाल्याने खूण पुसली आहे. पुन्हा केली नाही.

३१ मे, रविवार
गेलो. भाषणाला नाही. दालनात खुर्च्या कमी पडल्या, लोक दारापर्यंत उभे. मी फक्त काचेच्या कपाटापाशी गेलो. पेन्सिलीला टोक केलं होतं. म्हटलं, मजकूर या लोकांनी लिहिलाय, दहा तरी चुका निघतील. मग त्यांना कळेल कुणाशी गाठ आहे.
कार्ड हिच्या अक्षरात. 'व्हॉल्व्हची किल्ली. लांबी चोवीस इंच तीन सूत. मुठीवर तांब्याची तार, बावीस वेढे. सव्वीस वर्षं तेल लावून, गंज न चढू देता सांभाळली: टेलरमास्तर.'
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. वेढे मोजले. बावीसच.
एकही चूक नाही.
इतका दगा मला आजवर कुणी दिला नव्हता.