गोरज आणि घासलेट

२ एप्रिल १९३६, महाड

आजपासून पेट्रोलची बचत.

ज्या गृहस्थाने पुण्यात मला फोर्ड विकली, त्याने सोबत एक जुनं इंग्रजी मासिक फुकट दिलं होतं. आज गिरणीत भात आलं नाही म्हणून ते वाचलं. मोटारवाल्यांच्या वाईट सवयींमुळे निम्मं पेट्रोल वाया जातं आणि धूर लोकांच्या छातीत जातो, असं त्यात लिहिलं आहे. मला वाईट सवयी नाहीत. पण गावात खासगी मोटर माझ्या एकट्याची, तेव्हा कुणाला तरी धडा घालून द्यायला हवाच.

निश्चय: जवळच्या कामाला पायी जायचं. एका फेरीत चार कामं उरकायची. गाडीत फालतू वजन ठेवायचं नाही. गाडी थांबली की इंजिन बंद.

हिला वाचून दाखवलं. ही कैऱ्यांना मीठ लावत होती. बरं, म्हणाली. चंद्रभागेला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

संध्याकाळी मोटर घेऊन गिरणीत गेलो. गिरणी घरामागेच आहे. पण हे जाणं नव्हे, ही टायर तपासणी होती.

५ एप्रिल

नाते गावाहून मेहुणा सहदेव आला. त्याच्या मुलीचं, तुळसाचं, लग्न ठरलं. नवरा पोलादपूरचा येसाजी, मुंबईत कापडाच्या गिरणीत आहे. तारीख ७ मे, गोरज मुहूर्त. म्हणजे गाई रानातून घरी परततात ती वेळ. सहदेव म्हणाला, दाजी, नवऱ्याला पोलादपुरातनं तुमच्या मोटरीतनं आणाल काय? पावण्यांत जरा मान राहील.

मी म्हटलं, मुहूर्ताच्या आधी दोन तास आणून बसवतो.

हे ऐकून सहदेवाने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने सहदेवाकडे. भावाबहिणीत अशी माया आता कुठे दिसते?

तो गेल्यावर ही म्हणाली, तुळसा आईविना वाढलेली पोर आहे, मुहूर्त चुकला तर जन्मभर लोक तिला बोलून दाखवतील, आणि मला माहेरी तोंड दाखवायला जागा उरणार नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला मोटरीचा वेग सांगितला. तरी डोळे पुसेना.

११ एप्रिल

मासिकातल्या रीतीने पेट्रोल खरंच वाचतं का, हे पाहायला पोलादपूरला जाऊन आलो. मग तुलनेसाठी जुन्या रीतीने पुन्हा जाऊन आलो. दोन्हींचा हिशेब जुळेना, म्हणून तिसऱ्यांदा गेलो.

पेट्रोल नक्की वाचतं. घरात होतं तेवढं सगळं मात्र संपलं.

१५ एप्रिल

नवा शोध. उतारावर इंजिन बंद केलं तरी गाडी आपोआप जाते. इतके दिवस उगाच पेट्रोल जाळत होतो. राजेवाडीच्या उतारावर करून पाहिलं. आवाज नाही, धूर नाही, पाखरं ऐकू येत होती. भागोजीही ऐकू येत होता. भागोजी म्हणजे माझा क्लीनर. पंचेचाळिशीचा माणूस, पण भित्रा. शेट, ब्रेक, शेट, ब्रेक, असं सारखं चाललं होतं.

उतार संपल्यावर पेंढ्याच्या उडवीत थांबलो. उडवी मऊ होती. तिचा मालक नव्हता. पेट्रोल वाचवणाराला लोक शिव्या का देतात हे अजून कळलेलं नाही.

२० एप्रिल

पेट्रोलमध्ये घासलेट घातलं. मासिकात हे नाही, डोकं माझं. घासलेट जितकं जास्त, पेट्रोल तितकं कमी, हे लहान मुलालाही समजेल.

गाडी चालते. थोडी खोकते. पांढरा धूर येतो आणि चवदार तळ्याच्या वळणापासून आमच्या दारापर्यंत तो तसाच लोंबत राहतो. समोरच्या ठकूबाईने विचारलं, घर पेटलं की काय? मी समजावलं की हा बचतीचा धूर आहे, याने डासही जातात. ठकूबाई म्हणाली, डास नाय गेले, आमची म्हातारी उठून माहेरी गेली.

हिने अंगणात तुळसाच्या रुखवताचे पापड वाळत घातले होते. काळे पडले. मिरी जरा जास्त पडली असं सांग, म्हटलं. पापड उचलून आत गेली आणि नवीन पीठ भिजवायला घेतलं. गुणाची बाई.

२८ एप्रिल

हिला हळद दळायला, जातं पुजायला नात्याला जायचं आहे. मोटर काढा, म्हणाली. मी नियम दाखवला: एका फेरीत चार कामं. ७ तारखेला नवऱ्याला आणायचंच आहे, तेव्हाच चल. ती म्हणाली, ७ तारखेला लग्न आहे, हळद काय लग्नानंतर दळू? हे खरं असेल, पण एका बाईसाठी मोटर काढली तर मी लोकांना काय तोंडाने सांगणार?

सहदेवाची बैलगाडी येणार आहे. बैलगाडी धूर सोडत नाही, त्यामुळे माझ्या तत्त्वाला बाध नाही.

३ मे

ही सकाळी गेली. जाण्यापूर्वी विचारलं, पोलादपूर ते नाते वाटेत गावांच्या शिवा किती लागतात? मी म्हटलं, मोटर मैल मोजते, शिवा नव्हे. मग विचारलं, गाडी थांबली की दर वेळी इंजिन बंद करणार? म्हटलं, नियम म्हणजे नियम. बरं, म्हणाली. मग एकदम भावाच्या गाडीवानाला विचारायला लागली, दादाची गुरं अजून वरच्या पठारावरच चरतात ना?

बायकांचं बोलणं कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

६ मे

गाडी हलकी केली. वरचं छत काढलं. जादा चाक काढलं. हत्यारांची पेटी काढली. मागच्या बैठकीची गादी काढली, नवऱ्याला एक दिवस फळीवर बसायला काय होतं? भागोजीला म्हटलं, जेवून येऊ नकोस. पेट्रोलचा भरलेला जादा डबा होता, तो सगळ्यात जड. तोही घरी ठेवला. पेट्रोल वाचवण्यासाठी पेट्रोलच काढून ठेवायचं, हे त्या मासिकवाल्यालाही सुचलं नव्हतं.

आरशात पाहिलं. मोटर हाकणाऱ्याचं वजन धरत नाहीत.

७ मे, पोलादपूर, दुपारी

वेळेवर पोचलो. वऱ्हाडाच्या बैलगाड्या पहाटेच गेल्या. मोटरीत नवरदेव येसाजी, त्याची करवली बहीण, भागोजी आणि एक पोतं. पोत्यात काय आहे म्हटलं तर नारळ. इतके कशाला? करवली म्हणाली, शिवंशिवंला फोडायला नको काय, मामा?

नवऱ्याचं वऱ्हाड दर गावाची शीव ओलांडताना नारळ फोडतं. हे मला माहीत आहे. माझ्याही लग्नात फोडले होते. तेव्हा मोटर नव्हती, म्हणून लक्षात राहिलं नसावं.

लोहाऱ्याची शीव

थांबलो. इंजिन बंद. नारळ. भागोजीने हँडल मारून मारून गाडी चालू केली. नवरदेव म्हणाला, मामा, टाइम बहोत लागतो, इंजिन चालूच ठेवा ना. मुंबईची हवा लागलेला माणूस. मी शांतपणे नियम सांगितला.

राजेवाडीच्या अलीकडे

पुन्हा शीव. पुन्हा नारळ. घासलेटाने गरम इंजिन लवकर ऐकत नाही. भागोजीचा हात सुजला. नवरदेवाने कोट काढून हँडल मारलं. नंतर ढकललं. करवलीने मुंडावळ्या धरून ठेवल्या.

पुढे राजेवाडीच्या शिवेवर उडवीचा मालक रस्त्यात उभा होता. या शिवेवर मात्र इंजिन बंद केलं नाही. अपवाद.

नडगाव

वऱ्हाडाच्या बैलगाड्या आमच्या मागून आल्या. वाटेत बैल सोडून बसलेल्या त्यांना आम्ही मागे टाकलं होतं; त्यांनी भाकऱ्या खाल्ल्या, विश्रांती घेतली आणि मग येऊन आम्हाला गाठलं. एका म्हातारीने विचारलं, नवऱ्याला गाडीत घेऊ का गो? करवली लगेच उठली. मी तिला बसवलं. गाड्या पुढे गेल्या. त्यांच्या बैलांना उगाच घाई असते.

महाड

घरावरून गेलो. भागोजी म्हणाला, शेट, डबा घेऊया, पेट्रोल खाली गेलंय. मी म्हटलं, थांबलं की इंजिन बंद, इंजिन बंद की हँडल, त्यात पेट्रोल किती जाईल? भरधाव निघालो. नवरदेवाचा चेहरा धुराने काळवंडला आहे. हळदीवर उठून दिसतो.

ऊन उतरलं. येसाजी सारखा सूर्याकडे बघतो. मामा, गोरज टळली तर माझा बाप मला परत घेऊन जाईल, म्हणतो. मलाही क्षणभर तुळसाची आठवण झाली. लहानपणी माझ्या पाठीवर बसून भात भरडलेलं पाहायला गिरणीत यायची. म्हणून गाडी आणखी जोरात हाणली आणि आणखी धूर झाला.

नात्याची शीव, दिवेलागण

पेट्रोल संपलं.

८ मे, नाते

लग्न झालं! मुहूर्तावर झालं! हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो.

झालं असं. शिवेवर गाडी थांबली तेव्हा सूर्य बुडाला होता. वऱ्हाडाच्या गाड्या केव्हाच मांडवात पोचल्या होत्या. सहदेव दोन बैल घेऊन धावत आला. दाजी, उतरू नका, म्हणाला. बैल मोटरीला जुंपले आणि आम्ही गावात शिरलो. इंजिन बंद, पेट्रोल शून्य, धूर शून्य. मासिकातल्या कुठल्याच मोटारवाल्याला हे साधलेलं नाही. पोरं बाजूने ओरडत होती. पेंढा घातला की चालते का, असंही एकाने विचारलं.

आणि नशीब पाहा! आम्ही वेशीत शिरलो, तेवढ्यात पठारावरून गुरांचा कळप खाली उतरला. धूळ उडाली. इतक्या उशिरा गाई परत आल्याचं नात्यात कुणी पाहिलं नव्हतं. चांदणं पडायला आलं होतं. भटजी मांडवातून ओरडले, गाई आल्या, गोरज लागली, नवरदेवाला घ्या! येसाजीचं तोंड धुवायलाही वेळ नव्हता. तुळसाने अंतरपाटाखालून त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा दचकली, मग हसायला लागली. हीसुद्धा पदराआड हसत होती आणि रडत होती.

सृष्टीसुद्धा पेट्रोल वाचवणाराच्या बाजूने उभी राहते. हे मी जेवताना सर्वांना सांगितलं. बरंच सांगितलं. पंगत उठून गेल्यावरही सांगत होतो.

१७ मे, महाड

बिरवाडीहून रावजी नावाचे गृहस्थ आले. त्यांच्याही मुलीचं लग्न आहे, गोरज मुहूर्त, नवरा पोलादपूरकडचाच. नात्याच्या लग्नाचं नाव ऐकून मुद्दाम आले होते. माझी कीर्ती इतक्या लवकर बिरवाडीला पोचेल असं वाटलं नव्हतं. त्यांना बसवलं. वजन, उतार, घासलेट, सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. दोनदा चहा घेतला. मग म्हणाले, वैनी घरात हायत काय?

ही बाहेर आली. रावजींनी विचारलं, वैनी, त्या दिवशी गुरं तुमी थोपवलीत कशी? आमचे गुराखी नाय ऐकायचे.

हिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, मी नात्याला गेले त्याच दिवशी गुराख्यांना गूळ-खोबरं कबूल केलं. सांगितलं, नवऱ्याची मोटर येईस्तोवर एक गाय खाली उतरवायची नाही. भटजींच्याही कानावर घातलं, गाई आल्याखेरीज गोरज धरायची नाही. ते म्हणाले, पंचांगात बसतं.

रावजी म्हणाले, पण पठारावरनं मोटर दिसते काय?

मोटर कशाला दिसायला हवी, ही म्हणाली, धूर दिसतो की. महाड सोडल्यापासून दिसत होता.

तीन तारखेला. म्हणजे मी छत काढण्याच्याही आधी.

मी रावजींना एवढंच दाखवून दिलं की याचा अर्थ मुहूर्त शेवटी मोटरीनेच साधला. रावजींनी मान हलवली. म्हणाले, व्हय, पण आमचा नवरा बैलगाडीतनं यायचा हाय. आमी धूर कुठनं आणायचा?

शिवेवर ओला पाला जाळा, ही म्हणाली. तेवढाच होतो.

रावजी खूष झाले. कुठल्या झाडाचा पाला बरा, तेही विचारून घेतलं. उठताना मला नमस्कार केला. मोटरीचं काही विचारलं नाही.

उद्यापासून गिरणीत पायी जाईन म्हणतो. तशी ती घरामागेच आहे.