वास मारणारं फूल

प्रिय सूनबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर मला मनातलं धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझी ती बिनपानांची, जाड दांड्यांची कुंडी माझ्या शिलाई मशीनशेजारी खिडकीत असते. तू नोकरीसाठी गेल्यावर मी मायेपोटी तिला रोज पाणी घातलं, तर दोन दांडे बुडाशी कुजले. रोपवाटिकेतल्या बाई म्हणाल्या, "अहो, माती कोरडी झाल्याशिवाय हात लावू नका. हिला लाड सोसत नाहीत." मग धडके दांडे कापले, काप सुकू दिले आणि रेताड मातीत लावले. जगले बाई!

परवा सकाळी घरभर उंदीर मेल्यासारखा वास. मी कपाटं ओढली, मशीनखाली वाकून पाहिलं. शेजारीण नाक दाबूनच आत आली. शेवटी पडदा सरकवला तर काय, फुग्यासारखी कळी उमलून तळहाताएवढी चांदणी झालेली! पिवळसर, तांबूस रेघांची, मखमलीसारखी लव, आणि भोवती माशाच माशा. शेजारीण म्हणाली, "फेका की हे!" मी म्हटलं, "खबरदार, माझ्या सुनेचं आहे ते." आणि मला जे हसू फुटलं! माझा लेक असता तर हा वास तुझ्या स्वयंपाकाचाच म्हणून दिवसभर चिडवत बसला असता. तो गेल्यापासून मी या घरात अशी हसले नव्हते. हसता हसता रडूही आलं. मग कुंडी गॅलरीत ठेवली आणि नाकाला रुमाल लावून बघत बसले. दिसायला इतकं देखणं असेल असं वाटलं नव्हतं गं.

रविवारी तू तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी लग्नाचं विचारल्याचं सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तू काय काय अर्थ लावले असशील! राग नव्हता गं, लेकाची आठवण झाली. आपला माणूस परत येणार नाही. तू एकटी कुढत राहावंस, हे त्यालाही रुचलं नसतं. लग्न कर. तुझे आईवडील नाहीत, तेव्हा मुलीकडून कोण येणार असं त्यांच्या घरच्यांनी विचारलं, तर बेधडक सांग, माझी आई येतेय. तारीख कळव, मी आदल्या दिवशीच पोचते.

तुझीच,
आई