दात तुटलेलं चाक

मिलर्स फोर्ड, विस्कॉन्सिन
२९ सप्टेंबर १९९४

ती. दादास,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेला सफरचंदाचा जॅम पोचला. साखर जरा जास्त झाली आहे. हार्लन असता तर त्याने बरणीही चाटून ठेवली असती.

दादा, तुझ्या शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तू जे दातेरी चाक लावतोस, ते मी परवा पाहिलं. त्याचे दात तुटलेले आहेत. हार्लनचं विमान पडल्यावर तपासनिसाने गिअरबॉक्समधलं चाक मला दाखवलं होतं. तेही अगदी असंच तुटलं होतं.

त्याच्या विमानाचा तो धातूचा जड पंखा तूच त्याला भेट दिलास. नुसता पडून आहे, म्हणालास. विमानाला बसवलेलं मोटारीचं इंजिन हळू ठेवलं की गिअरबॉक्स खिळ्यांच्या डब्यासारखा खडखडतो, असं त्याने तुला फोनवर सांगितलं, तेव्हा मी शेजारी भांडी पुसत होते. तुझं उत्तर मलाही ऐकू आलं: बसेल आपोआप, मेहुण्याचे कान फार नाजूक आहेत. तो केवढा हसला होता.

तुझ्या विमानातलं हे चाक त्याच पंख्याने तुटलं का? विमान क्लबातला एमेट तसाच जड पंखा आणि गिअरबॉक्स जोडलेलं विमान आठ तारखेला पहिल्यांदा उडवणार आहे. त्याला आधी सांग.

लोभ असावा.

तुझी,
व्हर्ना


३ ऑक्टोबर

चि. व्हर्ना हिस अनेक आशीर्वाद.

हो, त्याच पंख्याने. मग मी हलका लाकडी बसवला, इंजिन फार हळू ठेवणं सोडलं, आणि खडखड थांबली. पण माझा गिअरबॉक्स तुटायचा नाही, असं मी क्लबात छाती ठोकून सांगून बसलो होतो. हार्लनचा नवा होता, टिकेल असं वाटलं.

एमेटशी सवडीने बोलेन. क्लबच्या न्याहारीच्या टेबलावर हा विषय नको. तू दुःखात आहेस, वेळेवर जेवत जा.

ते चाक तू नेलंस का? दार आपटतं आहे.

तुझा,
लॉवेल


९ ऑक्टोबर

दादा,

चाक मी नेलं. काल क्लबच्या न्याहारीला गेले आणि एमेटच्या पॅनकेकच्या ताटाशेजारी ठेवलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. जड पंखा, खडखड, एवढंच कसंबसं सांगितलं. एमेटने बोटांचा पाक पुसून तुटके दात चाचपले, खाणं तसंच टाकलं आणि तो विमानाचा पंखा उतरवायला गेला. त्याच्या बायकोने बराच वेळ माझा हात सोडला नाही.

उठताना त्याने विचारलं, हे चाक कोणाचं. मी म्हणाले, माझ्या भावाचं. मला एकच भाऊ आहे, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

लहानपणापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी तुझा लोभ मागत आले. हार्लनवरही तुझा लोभ होताच. आता मागत नाही.

दाराला दगड लाव.

व्हर्ना