प्रभूच्या मेजापाशी उपाशी

बंगलोर,
ता. ९ मार्च १९६१

चि. रत्नाकर यास अक्काचा सप्रेम सलाम. सौ. पद्मावतीलाही सांग.

आम्ही प्रभुकृपेने बरे आहोत. ऊन आतापासूनच तापू लागलंय आणि नळाला पाणी सकाळी एकदाच येतं. तुझ्या दाजींची कारखान्यातली पाळी बदलली, त्यामुळे ते दिवसा झोपतात आणि मी घरात चवड्यांवर चालते. हुबळीला तुमच्या रेल्वेच्या क्वार्टरात पाणी आहे ना?

तुझं पत्र मिळालं. आई गेली त्याला महिना झाला. तार तुला वेळेवर मिळाली होती, तरी आला नाहीस. आणि आता लिहितोस, "तिला मंडळी प्यारी होती, मंडळीनेच माती दिली, माझं काय अडलं?" वाचून मी पत्र शेगडीजवळ नेलं होतं. जाळलं नाही एवढंच.

येत्या एकोणीस तारखेला, रविवारी, आईची स्मरण-उपासना आहे. नेहमीसारखीच, चर्चच्या देवळात कानडी मंडळीची उपासना आटोपली की दुपारी आपली मराठी. मुलगी म्हणून मी उभं राहून आईबद्दल चार शब्द बोलावेत, असं मंडळीचे पंच अप्पासाहेब यांनी कळवलंय. काय बोलायचं तेही त्यांनीच सांगून टाकलं: "म्हणा, मरेपर्यंत प्रभूच्या मेजाशी एकनिष्ठ राहिल्या."

बोलायला काय, आईच्या भक्तीवर मी तासभर बोलेन. रविवारी ती कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत घेत नसे. प्रार्थनेला बसली की आमटी करपायची, आणि 'आमेन' म्हटल्याबरोबर करपल्याचा ठपका माझ्यावर. प्रभुभोजनाचा द्राक्षरस तिच्याशिवाय कुणी केलेला मला आठवत नाही. हेब्बाळच्या मळ्यातली काळी द्राक्षं स्वतः निवडून आणायची, उकळायची, धुतलेल्या फडक्यातून गाळायची. आपल्याला कधी बोट बुडवू दिलं का? भाकरही तीच भाजायची, तीच कापायची.

पण त्या मेजावरचं तिने स्वतः काही घेतलं नाही, रत्ना. तुला उठवल्यापासून एकदाही नाही.

तुझं रजिस्टर लग्न झालं त्याच महिन्यातली ती गोष्ट. तू मेजापाशी गुडघे टेकलेस, आणि अप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत खांद्याला हात लावून तुला उठवलं. हिंदू मुलीशी देवळाबाहेर लग्न केलंस म्हणून. तू त्याच आठवड्यात हुबळी गाठलीस. आई मात्र दर रविवारी देवळात जात राहिली, हेच तुला डाचतं ना? ती जायची, रस न्यायची, भाकर न्यायची, आणि लोक पुढे सरकले की मागे भांड्यांपाशी उभी राहायची. लोकांना वाटायचं, नम्र बाई आहे, सगळ्यांच्या शेवटी घेत असेल. मी शेजारी असायचे म्हणून मला ठाऊक. एकदा विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोराला ज्या पानावरून उठवलं त्या पानावर मी कशी बसू गं? वाढते तेवढं पुरे."

इथवर लिहून उठले. तांदूळ निवडले, दाजींना चहा दिला. पुढचं लिहू नये असं फार वाटत होतं.

तुझ्या लग्नाची बातमी अप्पासाहेबांनी काढली असं तू समजतोस. त्यांनी नाही. आईने सांगितली.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीची तयारीची सभा तुला आठवते ना? पाळकसाहेब एकेकाला विचारतात, घरात सगळं नीट आहे ना? लोक हो म्हणून मोकळे होतात. दाजी तर प्रश्न संपायच्या आत हो म्हणतात. आईला मेजाआधी खोटं बोलता येईना. पाळकसाहेब घरी येतील, तुझ्याजवळ बसतील, प्रार्थना करतील, असं तिला वाटलं. "रत्नाला स्वल्प समजावतील असं वाटलं होतं गं," एवढंच ती म्हणे. ते पंचांपर्यंत जाईल आणि तुला असं चारचौघांत उठवतील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मला तिचा राग येतो रे, अजून येतो. ती एक शनिवार गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

शेवटच्या दुखण्यात पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. मी म्हटलं, "आई, आता तरी घे." तिला हवं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ओठ मिटून घेतले. मग म्हणाली, "आधी रत्नाला." पाळकसाहेबांना वाटलं, भ्रमात बोलते आहे. प्याला झाकून ते गेले. दुसऱ्या दिवशी आई गेली. सबंध मंडळीला वाढणारी आपली आई उपाशी गेली.

आणि मी उभी राहून 'एकनिष्ठ' म्हणू? मला नाही जमणार. मी सगळं सांगणार आहे, तिने सांगितलं तेही आणि तिने घेतलं नाही तेही. दाजी म्हणतात, "कशाला उगीच? सरी, असू दे, गेली ती गेली, आपल्याला इथेच राहायचंय." खरं आहे त्यांचं. त्या दिवशी प्रभुभोजनही आहे, पंच बहुधा मलाही उठवतील. पण मंडळीने ऐकण्याआधी हे तू ऐकायला हवं होतंस.

तिला माफ कर असं मी म्हणत नाही. तिने माफी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. फक्त तिला मंडळी प्यारी होती, हे वाक्य मागे घे. बाकीचा राग खुशाल ठेव.

रविवारी दोघं आलात तर आत यायलाच हवं असं नाही. दारात उभे राहा. मी बोलायला उठले की मला समोर दारच दिसतं.

मंडळीत ठेवोत न ठेवोत,
तुझीच
सुलभाअक्का