मानवतेच्या दृष्टिकोनातून

आई, तुझ्या धाकटीचा निराधारचा पगार परत सुरू झाला. चांगली बातमी म्हणून लिहायला बसलो खरा, पण तोंडाची चव काही जाईना. तू गेलीस, त्यानंतर काही वर्षांनी तिचा नवरा गेला. एकट्या बाईला मुकादम ऊसतोडीला घेत नाही. कोयता म्हणजे दोघं, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. पुढं तिच्या जावेनं मणक्याच्या दुखण्यानं अंथरूण धरलं, तेव्हा दिरालाही जोडीदार उरला नाही. जावच म्हणाली, "बाई, तुमीच जा त्यांच्यासंगं." हा तोच दीर, आई. तिच्या लग्नात तू त्याला मांडीवर घेऊन शिरा भरवला होतास.

यंदा पगार बंद झाला. तहसीलात गेलो तर कारकून मान वर न करता म्हणतो, "पुनर्विवाह केलाय यांनी."

"कुणासंगं बे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दिरासोबत. एका कोयत्यात जातात, फडावर एका कोपीत, एकाच झोपडीत राहतात. चौकशी झालीय."

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं, तू धरायचीस तसं. बाहेर पडल्यावर एवढंच बोलली, "दादा, पगार गेला तर गेला. पर हे काढून टाक."

कोर्टाच्या आवारात गरिबाला फुकट वकील देतात, असं कळलं. मी रात्रभर बसून चार पानं लिहून नेली. भावजय म्हणजे कशी माउली, अंगणातली तुळस कशी, शाळेतल्या सगळ्या कविता त्यात ओतल्या. वकीलबाई नातीच्या वयाची पोर. वाचून हसली. "आजोबा, गोड लिहिलंय. पण तुळस राहू द्या. कोण, कुठं, कशासाठी, तेवढंच सांगा." चार पानांचं अर्धं पान झालं. मला राग आला, पण खरं तेच होतं.

अपील प्रांतसाहेबांपुढं लागलं, तिथं वकीलबाईनं चौकशीचा अहवाल वाचला. एकच ओळ होती: 'गावात विचारपूस केली असता समजते.' तिनं विचारलं, "साहेब, समजते म्हणजे कुणाला समजते? जबाब कुणाचा आहे?" कुणाचाच नव्हता. तेवढ्यात काठी टेकत आलेली जाव मागून कडाडली, "सायेब, हिनं माझ्या घरात सवत म्हून पाय ठिवला असता, तर पैला कोयता मीच उचलला असता! माझा मालक मी कुणाला देल्याला न्हाई." सगळं दालन हसलं, साहेबसुद्धा. धाकटी तेवढी हसली नाही.

हुकूम आला. 'अर्जदाराची परिस्थिती पाहता मानवतेच्या दृष्टिकोनातून लाभ पूर्ववत करण्यात येत आहे.' बस्स. चौकशी खोटी होती, हे कुठंच नाही. म्हणजे हिनं काहीतरी केलं होतं आणि यांनी ते मोठ्या मनानं पोटात घातलं. किळस येते, आई. नुसतं नाही म्हणाले असते, तर एवढी आली नसती.

संध्याकाळी धाकटी चुलीपुढं भाकरी थापतेय. मी जवळ पाटावर. शाळेतून आल्यावर असाच तुझ्याजवळ बसून मी कविता म्हणायचो. तुला अक्षर येत नव्हतं, पण एखादा शब्द मी पदरचा घातला की तुझं थापणं थांबायचं. "हे कालच्याला नव्हतं," म्हणायचीस. "नीट म्हन."

"दादा, वाच," धाकटी म्हणाली. "माझ्याबद्दल काय लिवलंय?"

मी वाचलं. 'सदर चौकशी खोटी आढळली. अर्जदार बाई निर्दोष आहे.'

तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून तिनं पदरानं डोळे टिपले. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं, अगदी तसंच.

वकीलबाई म्हणतात, तो पुनर्विवाहाचा शेरा काढायला वरती दाद मागू. मी अजून त्यांच्याकडं फिरकलो नाही. गेलो, तर हिला खरा हुकूम कळेल. हे कुणाला दाखवायचं नाही म्हणून तुला लिहिलं, आणि आता वाटतं, तुलाही दाखवू नये. तू असतीस, तर पहिल्याच ओळीला तुझं थापणं थांबलं असतं.