गार्गीच्या दोन शाळा

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नेट गेलं. म्हणजे शाळा गेली. गार्गीचा चेहरा असा काही उजळला की रागावू की हसू, कळेना. राउटर बंद-चालू करून पाहिला, खाली जाऊन तारांच्या गुंत्याकडे उगाच बघून आलो. तोवर गणिताचा तास संपला होता आणि माझी गुडगावची मीटिंगही. साहेबांना नेटचं कारण सांगितलं तर म्हणे, "यार, कुछ नया बोलो."

शिपाई, घंटा, हेडमास्तर आणि मधल्या सुट्टीत पोहे करणारी बाई, सगळं मीच. मीनल ऑफिसच्या हजेरीच्या धाकाने लवकर पळते. संध्याकाळी येऊन विचारते, "आज काय शिकवलं?" मला काय माहीत. मी राउटरपाशी होतो.

७ नोव्हें., गुरु.

चावला मॅडमचा फोन. गार्गीच्या जुन्या शाळेतल्या वर्गशिक्षिका, आता सातवी त्यांच्याकडे आहे. गार्गीचं नाव अजून तिथल्या पटावर आहे, आजारपणाची लांब रजा म्हणून. "भाई साहब, या तो भेजिए, या टीसी ले लीजिए. जनवरी में स्कूल खुलने के बाद मैं रोक नहीं पाऊँगी." बाई सरळ आहेत, आवाज चढवत नाहीत. त्याचाच जास्त त्रास होतो.

मीनलला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "टीसी आणायचा असेल तर तू आण. मी नाही जाणार." ऑनलाइन शाळा (इथे ऑ.शा.) माझ्या डोक्यातली. मान्य. पण मागच्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानावरून गार्गीला उचलून मी आणलं होतं. तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत, मीनल तेव्हा टूरवर होती. डॉक्टर म्हणाले, दमा आहे, पंप जवळ ठेवा, मास्क लावा, शाळेत पाठवा. डॉक्टरांचं काय जातं.

१२ नोव्हें.

ऑ.शा.त आज पी.टी.चा तास. बंगलोरमध्ये बसलेले सर म्हणाले, जंप. कोल्हापूरची एक, दुबईचा एक, आमची एक, सगळी आपापल्या खोलीत उड्या मारताहेत. खालून ॲनीच्या आईचा फोन: "भैया, हमारा पंखा हिल रहा है." घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. माफी मागितली. ॲनी गार्गीची जुनी मैत्रीण, सहावीपर्यंत एका बाकावर. त्यांचे लोक केरळचे, आम्ही पुण्याचे, दोघींची भाषा दिल्लीतल्या आर. के. पुरमची.

पी.टी. संपल्यावर गार्गी म्हणाली, "बाबा, खो-खो ऑनलाइन कसा होणार?" मी म्हटलं, विचारतो. खरंच विचारलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

१८ नोव्हें., सोम.

हवा इतकी घाण की समोरची टाकी दिसत नाही. सरकारने सगळ्या शाळा ऑनलाइन केल्या. खिडकी बंद असूनही चहूकडून ऐकू येतंय, "मॅम, आवाज़ नहीं आ रही." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गेले कित्येक महिने कॉलनीतल्या बायका मला बिचारा म्हणून बघतात. आज अख्खी दिल्ली आमच्या पंगतीला येऊन बसली.

मीनलला म्हटलं, बघ. ती म्हणाली, "त्यांची उघडेल."

गार्गी मात्र खुशीत. न सांगता उठली, वेणी घातली, दार लावून बसली. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली एकदाची.

२१ नोव्हें.

ऑ.शा.च्या ॲपवर मेसेज: आपली पाल्य सोमवारपासून गैरहजर. डोकंच फिरलं. पोरगी रोज घरातच लॅपटॉपला चिकटलेली, आणि हे म्हणे गैरहजर. हेल्पलाइनच्या मुलीला चांगलं सुनावलं. फी घेताना बरी हजेरी लागते तुमची, वगैरे. पुरावा म्हणून दार हळूच उघडून गार्गीचा पाठमोरा फोटो काढला आणि पाठवून दिला.

जरा वेळाने उत्तर आलं. अत्यंत नम्र. "सर, फोटोतल्या स्क्रीनवर आमचा वर्ग नाहीये."

फोटो मोठा करून पाहिला. स्क्रीनवर चावला मॅडम. आणि पोरीने थंडीचं म्हणून जे घातलं होतं तो जुन्या शाळेचा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. असा तोंडावर आयुष्यात पडलो नव्हतो.

२२ नोव्हें., शुक्र.

काल बोललोच नाही, बोललो असतो तर ओरडलो असतो. आज विचारलं. रडली नाही, लपवलं नाही. लिंक ॲनीने दिली. "तू शाळा बुडवतेस?" म्हटलं, तर म्हणाली, "मी शाळेतच जाते ना, बाबा."

लोकांची पोरं शाळा बुडवून सिनेमाला जातात. आमची शाळा बुडवून शाळेत.

दुपारी चावला मॅडमना फोन केला. म्हटलं, माफ करा, मुलगी न विचारता तुमच्या वर्गात बसते आहे. त्या म्हणाल्या, "बिना पूछे क्यों? उसका नाम है रजिस्टर में." रोज हजेरीला त्या गार्गीचंही नाव घेतात. इतके महिने ॲनी उत्तर द्यायची, "ऑनलाइन है, मैम." मुलं हसायची, त्या पुढचं नाव घ्यायच्या. सोमवारी नाव घेतलं आणि खरंच आवाज आला, प्रेज़ेंट मैम. "पूरी क्लास ने ताली बजाई, भाई साहब. सब म्यूट पर थे, मगर बजाई."

मी फोन ठेवला. रागावायला कोणी उरलं नव्हतं. वाईट वाटलं, फार.

मीनलला सांगितलं तर हसत सुटली, मग डोळे पुसत बसली.

२६ नोव्हें.

हवा किंचित बरी, शाळा उघडल्या. चावला मॅडमची लिंक बंद. गार्गी निमूटपणे ऑ.शा.त परत. कॅमेरा चालू, हात वर, उत्तर बरोबर. ॲपवर हिरवी बरोबरची खूण. यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी बस येते तेव्हा बाल्कनीत उभी असते. मास्क लावून. मी म्हटलं, आत ये, हवा वाईट आहे. आली. आज्ञाधारक पोरीसारखा वैताग दुसरा नाही.

९ डिसेंबर

टीसीचा अर्ज लिहिला. सही केली नाही. टेबलावर आहे. मीनल त्यावर भाजीची पिशवी ठेवते, मी उचलतो, ती परत ठेवते. या विषयावर आमचं एवढंच बोलणं चालू आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला. दर संक्रांतीला जातो. गार्गीला न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. धुकं, हायवेची धूळ. मीनलने तिला तिळगुळासकट बसमध्ये बसवून टाकलं, वर जागा धरून ॲनीलाही. मी पंप घेतला, जास्तीचा पंप घेतला, वाफेचं मशीन घेतलं. जोशीकाका म्हणाले, "काय रे, लढाईला निघालायस?" मी हसलो नाही.

स्मारकापाशी भाषणं चालली होती, पोरं मागे पळत होती. मला भाषणातलं एक अक्षर कळलं नाही. नजर तिच्यावर. एकदम थांबली. वाकली, गुडघ्यावर हात. मी उठलो, तर मीनलने बाही धरली. म्हणाली, "थांब. बघ तरी."

गार्गीने खिशातून स्वतःचा पंप काढला. घेतला, श्वास रोखला, सोडला. परत एकदा. ॲनी शेजारी उभी होती, तिची पाण्याची बाटली धरून, सवयीचं असल्यासारखी. मग दोघी बसल्या. मग पळाल्या. मला कोणी हाक मारली नाही.

परतीच्या बसमध्ये मीनलला म्हटलं, तू तेव्हा तिथे नव्हतीस. ती म्हणाली, "नव्हते. आज होते." मशीन मांडीवर घेऊन दिल्लीपर्यंत आलो.

१६ जाने., गुरु.

जुनी शाळा आज सुट्टीनंतर उघडली. शाळेचा नवा स्वेटर मीनलने कधी आणला, मला पत्ता नाही. हवेचा आकडा लाल. म्हटलं, आज नको, उद्या बघू. गार्गी बूट घालून दारात. मी पंप शोधायला लागलो. कपाट, फ्रिजवर, गादीखाली. "बाबा, पंप माझ्याकडेच आहे. तू काय शोधतोयस?"

गेली. दिवसभर फोन हातात. साहेबांनी दोनदा काही विचारलं, मी दोन्ही वेळा बिल्कुल म्हटलं. कशाला ते देव जाणे.

दुपारी आली. घसा बसलेला, छाती साफ, मी कान लावून ऐकली. हजेरीला तिचं नाव आलं तर ॲनी सवयीने म्हणाली, "ऑनलाइन है, मैम," आणि ही शेजारीच बसलेली. सांगताना हसून हसून खोकला आला. खोकला आला की मी उठतो. मीनलने डोळ्यांनीच बसवलं.

आणि संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज. हवा बिघडल्यामुळे उद्यापासून वर्ग ऑनलाइन, पुढील सूचनेपर्यंत. एक दिवस. नशीब तरी बघा. चावला मॅडमचा वेगळा मेसेज: टीसी का क्या सोचा?

गार्गीने उद्याचा युनिफॉर्म खुर्चीवर घडी करून ठेवला आहे. ॲनीला विचारून आली, ती इथेच येणार, दोघी एका लॅपटॉपवर बसणार. ऑ.शा.चा गणिताचा तासही त्याच वेळेला.

जेवताना विचारलं, "बाबा, उद्या कुठली लिंक लावू?"

मीनल ताटात बघून जेवत राहिली. अर्ज अजून टेबलावर आहे, आमटीचा डाग पडलाय त्यावर. मी म्हटलं, आधी जेव. ती जेवली, ताट उचललं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.